शीतकरणाचा वायू आणि आपली बेफिकिरी

कार्बन डायऑक्साइड हा वायू शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. चुन्याची निवळी दुधाळ करणारा, जळती काडी विझविणारा, सोड्याच्या बाटलीतून फसफसत वर येणारा आणि आपल्या प्रत्येक उच्छ्वासाबरोबर बाहेर पडणारा हा वायू. बाहेरच्या हवेत त्याचे प्रमाण ०.०४ टक्क्यांहून किंचित अधिक असते. तो पेट घेत नाही, क्लोरीनसारखा घशाला झोंबत नाही आणि कार्बन मोनॉक्साइडसारखी त्याची दुष्कीर्तीही झालेली नाही. या जुन्या ओळखीमुळेच त्याच्याविषयी एक प्रकारचा निर्धास्तपणा आपल्या मनात घर करून बसला आहे. महाविद्यालये, विद्यापीठे आणि संशोधनसंस्था यांच्या प्रयोगशाळांत हा वायू दाबाखाली कोंडलेल्या रूपात, थंडावा निर्माण करण्याच्या कामी, अधिकाधिक वापरला जात असताना हा निर्धास्तपणा परवडणारा नाही.

प्रयोगशाळेला थंडावा अनेक कारणांनी लागतो. रक्ताचे व ऊतींचे नमुने, जिवाणूंची संवर्धने, विकरे यांसाठी उणे ८० अंश सेल्सियसची शीतकपाटे असतात. वीज गेली तर त्यांतील वर्षानुवर्षांचे संशोधन नासू नये म्हणून काही कपाटांना द्रवरूप कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर जोडलेले असते. आतील तापमान चढू लागताच एक झडप आपोआप उघडते आणि द्रवाचा फवारा कपाट थंड ठेवतो. यंत्रांचे सुटे भाग कडाक्याच्या थंडीत कसे टिकतात हे पाहण्याच्या चाचणी-कोठ्यांतही हाच द्रव सोडतात. याच वायूचे घनरूप म्हणजे ड्राय आइस. ते उणे ७८.५ अंशांना द्रव न होताच वायुरूप होते आणि तसे होताना सारख्या वजनाचे साधे बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषते, त्याच्या दीडपटीहून अधिक उष्णता शोषून घेते. नमुने पाठविण्यासाठी आणि रसायनशास्त्रातील शीतस्नानांसाठी त्याचा वापर नित्याचा आहे.

याहून मोठे उदाहरण जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनकेंद्राचे आहे. तेथील एलएचसीबी प्रयोगातील सूक्ष्म शोधकयंत्र नळ्यांतून खेळविलेल्या आणि उकळू दिलेल्या कार्बन डायऑक्साइडने थंड ठेवले गेले. हीच पद्धत २०११ साली अवकाशस्थानकावर बसविलेल्या एएमएस या उपकरणात वापरली गेली आणि पुढे अ‍ॅटलास व सीएमएस या प्रयोगांनीही ती स्वीकारली. या द्रवाची उष्णता वाहून नेण्याची शक्ती मोठी असल्याने नळ्या अगदी बारीक ठेवता येतात, आणि किरणोत्साराने तो बिघडत नाही. सीएमएस प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ सहभागी आहेत आणि २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे. तेव्हा हे तंत्र आपल्यासाठी परके राहिलेले नाही.

त्याचा प्रसार वाढण्यामागे आणखी एक कारण आहे. ओझोनचा थर विरळ करणाऱ्या शीतकांवर १९८७ च्या माँट्रियल कराराने बंधने आणली. त्यांच्या जागी आलेली शीतके ओझोनला निरुपद्रवी ठरली, परंतु पृथ्वीचे तापमान वाढविण्यात ती कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो किंवा हजारो पट प्रभावी निघाली. म्हणून २०१६ च्या किगाली दुरुस्तीने त्यांचाही वापर टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे ठरले. भारताने ही दुरुस्ती २०२१ साली मान्य केली. ज्याला आपण हवामानबदलाचा आरोपी म्हणून ओळखतो, तोच वायू यंत्रात बंदिस्त असताना पर्यावरणाचा मित्र ठरावा, हा विज्ञानातील एक विलक्षण योगायोग आहे. मात्र पर्यावरणाला मित्र असलेली वस्तू बंद खोलीतील माणसालाही मित्रच असेल, असे मानण्याचे कारण नाही.

सिलिंडरच्या आत काय घडत असते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. २० अंश तापमानाला द्रवरूप कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरमधील दाब सुमारे ५७ बार असतो. मोटारीच्या चाकातील हवेच्या तुलनेत हा दाब पंचवीसपट भरतो. घरगुती गॅसच्या सिलिंडरशी याची तुलना करणेही चूक आहे, कारण तेथील दाब नेहमीच्या तापमानाला दहा बारच्याही आत असतो. शिवाय आत द्रवाचा थेंब शिल्लक असेपर्यंत, तापमान तेच असल्यास, दाबमापकाचा काटा जागचा हलत नाही. प्राणवायूच्या सिलिंडरचा काटा उतरला की वायू किती संपला ते कळते. येथे मात्र भरलेल्या आणि जवळजवळ रिकाम्या सिलिंडरचा काटा एकच आकडा दाखवितो. किती माल उरला हे वजन करूनच समजते. काट्यावर विश्वासून ‘अजून भरपूर आहे’ अशी नोंद करणाऱ्याचे शीतकपाट नेमके वीज गेलेल्या रात्री उघडे पडते.

दुसरी बाब तापमानाची. ३१ अंश सेल्सियस हे या वायूचे क्रांतिक तापमान आहे. त्यापुढे कितीही दाब दिला तरी त्याचे द्रव आणि वायू असे दोन वेगळे थर राहत नाहीत. युरोपातील प्रयोगशाळेला या आकड्याची फारशी चिंता करावी लागत नाही. आपल्याकडे मात्र चंद्रपूर-नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि मुंबईतही मे महिन्यात बंद गच्चीवरील खोली ३१ अंशांच्या खूप वर असते. अशा ठिकाणी ठेवलेल्या सिलिंडरमधील दाब शंभर बारची मर्यादा सहज ओलांडतो. म्हणूनच सिलिंडर काठोकाठ न भरता त्यात किती वजनाचा माल भरावा याचे प्रमाण ठरवून दिलेले असते. ते न पाळणारा पुरवठादार स्वस्त पडला, तरी त्या सवलतीची किंमत दुसरेच कोणी मोजण्याची शक्यता असते. याखेरीज, उन्हात तापलेल्या सिलिंडरमधून अपेक्षित थंडावाही मिळत नाही. सावली आणि वारा ही येथे सुरक्षिततेची गरज आहे, तशीच ती कामाचीही गरज आहे.

तिसरी बाब नळ्यांची. सुमारे ५.२ बारपेक्षा कमी दाबाला कार्बन डायऑक्साइड द्रव अवस्थेत राहूच शकत नाही. बाहेर पडणारा द्रव तत्क्षणी थोडा वायू आणि थोडे हिम बनतो. हे हिम नळीत अडकून गच्च बसले म्हणजे प्रवाह थांबतो आणि न जाणणारा मनुष्य नळी मोकळी झाली असे समजून जोड सैल करतो. मागे दाब साठलेलाच असतो. मग ते हिम बंदुकीच्या गोळीसारखे बाहेर फेकले जाऊ शकते. दोन बंद झडपांमध्ये अडकलेला द्रव तापला तर त्याला प्रसरण पावण्यास जागा उरत नाही आणि नळीच फुटते. म्हणून अशा प्रत्येक टप्प्यावर दाब मोकळा करणारी झडप असावी लागते, आणि त्या झडपेचे तोंड खोलीबाहेर काढावे लागते.

आता शरीरावरील परिणाम. पुष्कळांची समजूत अशी असते की, हा वायू प्राणवायूची जागा घेतो म्हणून माणूस गुदमरतो. हे अर्धसत्य आहे. श्वासोच्छ्वासाची गती मुख्यतः फुप्फुसांतील कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणावर ठरते, हे हॉल्डेन आणि प्रीस्टली या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञांनी १९०५ साली दाखवून दिले. म्हणजे हा वायू रक्तात शिरून स्वतःच क्रिया करतो. हवेत त्याचे प्रमाण तीन-चार टक्के झाले की धाप लागते, डोके दुखू लागते, नाडी जलद होते. पुढे गोंधळल्यासारखे होते आणि दहा टक्क्यांच्या घरात काही मिनिटांत, कधी त्याहूनही लवकर, शुद्ध हरपते. आठ तास काम करणाऱ्यासाठी मान्य मर्यादा अर्धा टक्का आहे, तर चार टक्के ही पातळी जीवितास तत्काळ धोकादायक मानली जाते.

या ज्ञानाचा एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो आणि तो अनेक प्रयोगशाळांच्या लक्षात येत नाही. सुरक्षिततेसाठी भिंतीवर प्राणवायूमापक लावला म्हणजे भागले, असे समजले जाते. साध्या गणिताने पाहू. हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो. खोलीत पाच टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळला तर प्राणवायूचे प्रमाण उतरून १९.९ टक्क्यांच्या जवळपास येईल. प्राणवायूमापकाची घंटा साधारणतः १९.५ टक्क्यांना वाजते. म्हणजे जीवितास धोकादायक पातळी ओलांडली गेली तरी घंटा मूकच राहील. जी यंत्रणा हीलियम किंवा नत्रवायूच्या गळतीत उपयोगी पडते, ती येथे खोटा दिलासा देते. या वायूसाठी याच वायूचे प्रमाण मोजणारा स्वतंत्र सूचक हवा.

आणखी एक गणित. ३० किलो माल असलेले एक सिलिंडर पूर्ण रिकामे झाले, तर त्यातून नेहमीच्या तापमानाला सुमारे १६ घनमीटर वायू बाहेर पडतो. सहा मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोलीचे घनफळ ७२ घनमीटर होते. दारे-खिडक्या बंद असताना अशा खोलीतील हवेचा जवळजवळ पाचवा हिस्सा एकट्या सिलिंडरने व्यापला जाईल. केवळ पाच किलो वायू निसटला तरी प्रमाण पावणेचार टक्क्यांपर्यंत जाते. हे गणित वायू सर्वत्र सारखा पसरला असे धरून केले आहे. प्रत्यक्षात तो हवेच्या दीडपट जड आणि गळतीच्या वेळी अतिथंड असल्याने जमिनीलगत साचतो. तळघरात, यंत्राच्या खड्ड्यात, बिनखिडकीच्या शीतगृहात तो तळ्यातल्या पाण्यासारखा ठरतो. खाली पडलेली वस्तू उचलायला वाकलेला माणूस त्या तळ्यातच डोके घालतो.

इतिहासाने या बाबतीत पुरेसे धडे दिले आहेत. पॅरिसमध्ये थिलोरिए याने १८३५ साली हा वायू प्रथम घनरूपात मिळविला. त्याच्या ओतीव लोखंडी यंत्राची नक्कल ठिकठिकाणी झाली. १८४० च्या डिसेंबरात पॅरिसच्याच औषधिशास्त्र विद्यालयात वर्गासाठी द्रव तयार करीत असता ते पात्र फुटले आणि एर्व्ही नावाचा प्रयोगसाहाय्यक प्राणास मुकला. बळी गेला तो संशोधनाचे श्रेय ज्याच्या वाट्याला यायचे नव्हते अशा साहाय्यकाचा, ही गोष्ट विसरता येण्यासारखी नाही. अगदी अलीकडे, २८ जुलै १९९८ रोजी, अमेरिकेतील आयडाहो येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत विजेच्या यंत्रणेची देखभाल चालू असताना आग विझविण्यासाठी साठविलेला कार्बन डायऑक्साइड अचानक खोलीत सुटला. कामगारांना इशारा देणारी घंटा वाजलीच नाही. एक जण मृत्युमुखी पडला आणि अनेकांना इजा झाली. यंत्रणा नियंत्रणफलकावरून बंद केलेली होती, पण वायूचा मार्ग प्रत्यक्ष कुलूप घालून अडविलेला नव्हता. कळ बंद करणे आणि वाट बंद करणे यांत केवढे अंतर आहे, ते या अपघाताने दाखविले.

१९८६ साली कॅमेरूनमधील न्योस सरोवराच्या तळाशी साचलेला हाच वायू एका रात्रीत उफाळून वर आला आणि दऱ्याखोऱ्यांतून वाहत जाऊन त्याने सुमारे सतराशे माणसांचा प्राण घेतला. ते निसर्गाचे कृत्य होते. पण वायूचा गुणधर्म तोच, उतार शोधणारा आणि निःशब्द.

आपल्या ग्रामीण जीवनाला हे ज्ञान अगदीच नवे नाही. सांगलीजवळच्या हरिपूर येथील हळदीची पेवे प्रसिद्ध आहेत. पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरू नये, आधी ते मोकळे ठेवावे, हे शहाणपण जुने आहे. जुन्या विहिरीत उतरण्याआधी दिवा सोडून पाहण्याची रीतही अनेकांनी ऐकली असेल. तिच्यामागील सावधगिरीची वृत्ती मोलाची आहे. तिची कसोटी मात्र अपुरी आहे. माणसाची शुद्ध हरपण्याइतका कार्बन डायऑक्साइड हवेत असतानाही ज्योत तेवत राहू शकते. दिवा विझला तर धोका आहे हे खरे, परंतु दिवा जळतो म्हणून धोका नाही, असा उलटा अर्थ काढता येत नाही. जुन्या शहाणपणाला आता मोजमापाची जोड हवी.

मग आपल्या प्रयोगशाळांत काय आढळते? साखळीशिवाय भिंतीला टेकवून ठेवलेले सिलिंडर, हातगाडी नाही म्हणून कडेवर फिरवीत नेलेले सिलिंडर, माणसांबरोबरच उद्वाहनातून जाणारी ड्राय आइसची पेटी, झाकण घट्ट बसविलेला थर्मास. ही दृश्ये विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्याला अपरिचित नाहीत. ड्राय आइस हवाबंद पात्रात ठेवले तर ते पात्र फुटणार, कारण एका किलोतून पाचशे लिटरहून अधिक वायू निघतो. उघड्या हाताने ते उचलले तर कातडी भाजल्यासारखी होते. मार्च २०२४ मध्ये गुरुग्राम येथील एका उपाहारगृहात मुखशुद्धीऐवजी ड्राय आइस दिले गेल्याने पाच जणांना रुग्णालयात जावे लागले. देणाऱ्याला आपण काय देत आहोत हे ठाऊक नव्हते. ज्ञान पदार्थाबरोबर पोहोचले नाही, तर पदार्थ एकटाच पोहोचतो.

या प्रश्नाची खरी मेख येथे आहे. प्रयोगशाळेत वायूचे गुणधर्म प्राध्यापकाला माहीत असतात, पण सिलिंडर हलवितो, जोडतो आणि बदलतो तो परिचर. यंत्राची निवड शास्त्रज्ञ करतो, पण मागणीपत्रातील कोणती बाब ठेवायची आणि कोणती गाळायची, हे ठरते कचेरीतील टेबलावर. शीतकपाट ‘उपकरण’ म्हणून मंजूर होते. त्यासोबतचा वायुसूचक, बाहेर हवा फेकणारा पंखा आणि भिंतीतील साखळी यांवर ‘अनावश्यक’ असा शेरा पडतो. डेडस्टॉक रजिस्टरात सिलिंडरचा क्रमांक असतो; त्याच्या मानेवर कोरलेली दाबचाचणीची तारीख क्वचितच असते. ज्याच्याकडे ज्ञान आहे त्याचा हात सिलिंडरला लागत नाही, आणि ज्याचा हात लागतो त्याच्यापर्यंत ज्ञान जात नाही, अशी ही विभागणी आहे.

कायद्याची उणीव आहे असेही म्हणता येणार नाही. १८८४ च्या स्फोटक पदार्थ कायद्याखाली २०१६ चे गॅस सिलिंडर नियम आहेत आणि त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. सिलिंडरची बनावट, भरणा, चाचणी, वाहतूक यांविषयी त्यांत तरतुदी आहेत. मोजक्या सिलिंडरांसाठी संस्थेला परवाना काढावा लागत नाही. पण परवान्याची गरज नसणे म्हणजे जबाबदारी नसणे, असा सोयीस्कर अर्थ आपण लावून घेतला आहे.

‘इतकी वर्षे झाली, काही बिघडले नाही’ हा युक्तिवाद या संदर्भात हमखास ऐकू येतो. त्याला दोन उत्तरे आहेत. एक तर या वायूची अर्धवट बाधा झालेला मनुष्य डोकेदुखी आणि मरगळ यांची तक्रार करतो व घरी जातो. त्याची नोंद अपघात म्हणून कोठेच होत नाही. दुसरे, काल एक सिलिंडर होते तेथे आज चार आहेत, आणि काल उघड्या खिडक्या होत्या तेथे आज वातानुकूलनासाठी बंद तावदाने आहेत. परिस्थिती बदलली असता जुन्या अनुभवाचा दाखला निरुपयोगी ठरतो. पैशाचा मुद्दाही फार ताणता येत नाही. एका उणे ८० अंशांच्या कपाटाच्या किमतीपुढे एक सूचक आणि एक पंखा यांचा खर्च किरकोळ आहे.

करावयाच्या गोष्टी अवघड नाहीत. सिलिंडर शक्य तर इमारतीबाहेर, सावलीत, साखळीने बांधून ठेवावे आणि आत फक्त नळी आणावी. जेथे ते आतच ठेवावे लागते, तेथे जमिनीलगतची हवा ओढून बाहेर टाकणारी सोय असावी. वायुसूचक जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर बसवावा आणि आत शिरण्यापूर्वीच इशारा दिसावा म्हणून त्याचा दिवा दाराबाहेर ठेवावा. साठ्याची नोंद वजनाने करावी. दुरुस्तीच्या वेळी वायूची वाट प्रत्यक्ष बंद करून कुलपाची किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात असावी. ड्राय आइससाठी सैल झाकणाची पेटी आणि जाड हातमोजे असावेत; उरलेले ड्राय आइस मोरीत न टाकता मोकळ्या हवेत विरू द्यावे; उद्वाहनातून पाठवायचे असेल तर एकटेच पाठवावे. घंटा वाजली किंवा कोणी कोसळलेला दिसला, तर स्वतंत्र श्वसनयंत्राशिवाय आत धावू नये. दार उघडावे, मदत बोलवावी. अशा अपघातांत एकामागोमाग एक जीव जातात ते वाचवायला गेलेल्यांचे, हे विहिरींनी आणि गटारांनी आपल्याला वारंवार शिकविले आहे. आणि ही सर्व माहिती प्रयोगशाळेच्या दारावर, मराठीत, परिचराला वाचता येईल अशा अक्षरांत लावलेली असावी.

शिक्षकाने वर्गात या वायूची समीकरणे शिकविताना त्याचे वजन आणि खोलीचे घनफळ यांचे गणितही फळ्यावर मांडावे. ते दहावीच्या विद्यार्थ्यालाही सुटेल. लिपिकाने मागणीपत्रातील सूचकाच्या नावावर रेघ ओढण्यापूर्वी ती कोणाच्या श्वासावर ओढली जात आहे, हे विचारून घ्यावे. विद्यार्थ्याने बंद खोलीत धाप लागल्यास ती परीक्षेच्या जागरणाची समजू नये. यंत्रे आयात करता येतात, तंत्रेही शिकून घेता येतात. त्यांच्याबरोबर येणारी शिस्त मात्र ज्याची त्यालाच अंगी बाणवावी लागते. ती न बाणवता आपण नवी यंत्रे बसवीत गेलो, तर त्यांचा थंडावा नमुन्यांना लाभेल आणि धोका परिचराच्या वाट्याला येईल. ही वाटणी न्यायाची नाही.